पोटाखालचा गळ

११ मे २००८, रविवार. त्या दिवशी घराची कौलं चाळायला घेतली. दरवर्षी फुटकी कौलं बदलून भागायचं. यंदा आढ्याला वाळवी लागली होती. म्हणजे माथ्यावरचे सिमेंटमध्ये बसवलेले कोने काढायचे, जुनं आढं उतरवायचं आणि नवं चढवायचं. ठाकूरवाडीतला गोमा छपरावर होता. मी अंगणात बसून त्याने खाली दिलेली कौलं धूत होते. धड असतील ती एकीकडे, तडकलेली दुसरीकडे.

"सिस्टर, ह्या हॅलिकाप्टराचा काय करू?" गोमाने वरून विचारलं.

"उतरव. पाती मोडू नकोस."

"मी नाय मोडत. माझा बापूस पण ह्याला हात लावायला भ्यायचा."

हे हेलिकॉप्टर लाकडाचं आहे. हातभर लांब, राखाडी रंगाचं, आणि छपराच्या माथ्यावर एका काठीवर बसवलेलं. वारा आला की डोक्यावरची तीन पाती फिरतात. शेणव्यात कुठे राहता म्हणून कोणी विचारलं, तर आजही मी 'हॅलिकाप्टरवाल्या मिस्त्रींकडे' असंच सांगते. मिस्त्रींना जाऊन पाच वर्षं होतील.

मी मुरबाडची. १९९४ साली शेणव्याला नर्स म्हणून आले तेव्हा मला राहायला जागा हवी होती आणि मिस्त्रींना त्यांच्या पडवीत माणूस हवं होतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, एकुलता मुलगा नौदलात. खोली दाखवताना त्यांनी मला स्वयंपाक, पाहुणे, पाणी यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"सिस्टर, कान चांगले हायत ना?"

"हो. का?"

"मी रानात गेलेलो असलो आणि वरून हॅलिकाप्टर गेलं, तर नीट बगून ठेवायचं. रंग कुठचा, शेपटी जाळीची का पत्र्याची. गेलं कुठं, ते नाय सांगितलं तरी चालेल."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तिसऱ्याच दिवशी दुपारी आकाशातून घरघर गेली. संध्याकाळी मिस्त्री दारात हजर.

"कसं होतं?"

"मी बाळाला डोस पाजत होते. बघितलं नाही."

"डोस दोन मिंटं थांबला असता गो," ते म्हणाले आणि खरोखरच रागावून गेले. दोन दिवस बोलले नाहीत.

धंद्याने ते सुतार. बैलगाडीच्या चाकांसाठी त्यांचं नाव शहापूरपासून मुरबाडपर्यंत होतं. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि चाकं थांबली. मग दारं-खिडक्या, नांगर, पाळणे. पण डोकं चाकाचंच राहिलं. हेलिकॉप्टरचं त्यांनी मला पहिल्यांदा वर्णन केलं ते असं: "तीन आऱ्यांचं चाक. मधी आरे बसतात तो तुंबा. वरची लोखंडी धाव काडून घेतलेली. गाडीचं चाक जमीन धरून चालतं, हे जमीन सोडायला चालतं. बाकी काय फरक नाय."

मुलाचं नाव जयवंत. तो नौदलात हेलिकॉप्टरची दुरुस्ती करायचा. १९९५ साली त्याचं दोन ओळींचं पत्र आलं. बदली झाली, फोटो पाठवतो. सोबत एक रंगीत फोटो. त्यानंतर पत्र नाही.

तो फोटो मी रोज पाहिला आहे, त्यामुळे डोळे मिटूनही सांगू शकते. राखाडी चेतक हेलिकॉप्टर, पुढे काचेचं मोठं तोंड, खाली तीन चाकं. दाराखाली पत्र्याला एक चौकोनी ठिगळ. आणि बरोबर मध्यभागी जयवंत, पाय फाकवून, टोपी काखेत, हसतोय. फोटो काढणाऱ्याने वरची पाती अर्धी कापलेली. आणि जयवंतच्या दोन पायांमागे हेलिकॉप्टरचं पोट झाकलं गेलेलं.

सगळी गोष्ट त्या झाकल्या पोटाची आहे.

वाशिंदच्या एका कारखान्यावर नौदलातून निवृत्त झालेला एक माणूस रखवालदार होता. मिस्त्रींनी त्याच्या मुलीच्या लग्नाचे पाट करून दिले आणि बदल्यात त्याच्याकडून सगळं शिकून आले. मला समोर बसवून त्यांनी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. चेतक सगळ्यांकडे असतं. लष्कराचं हिरवं. शेपटी जाळीची दिसली तर ते चेतक नव्हे, चित्ता. नौदलाचं राखाडी. पण नौदलाचं म्हणजे एकच नाही. जे बोटीवर जातं त्याची पाती मागे मिटतात, कारण बोटीवर जागा कमी. आणि त्याच्या पोटाखाली गळ असतो. बोटीच्या पाठीवर लोखंडी जाळी असते, उतरल्या उतरल्या गळ त्या जाळीत घुसतो. मग समुद्र कितीही खवळू दे, हेलिकॉप्टर घसरत नाही. जे किनाऱ्यावरच असतं, त्याला गळाचं काही काम नाही.

"म्हंजे गळ असला तर आमचा जयवंत बोटीवर," मिस्त्री म्हणाले. "बोटीवर पोस्ट हापिस कुठचं? सहा-सहा महिने पाण्यात. पत्र येईल कसं?"

"आणि गळ नसला तर?"

त्यांनी फोटो परत कपाटात ठेवला. "तर मुंबईत हाय. तीन तासांवर."

हे ते एकदाच बोलले. मलाही पुन्हा विचारावंसं वाटलं नाही.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, मिस्त्री, मी नौदलाच्या कचेरीला पत्र लिहून देते. तुमचा मुलगा कुठे आहे ते बापाला कळवतील. तसा हक्कच आहे तुमचा.

"विचारायचं नाय."

"का नाही?"

"विचारलं तर सांगतील ना."

तर लाकडाचं हेलिकॉप्टर. गावातल्या पोरांसाठी त्यांनी अशी पाच-सहा बनवली, हिरवी, लष्कराची. ती सहज व्हायची. राखाडी एकच होतं आणि ते सहा वर्षं संपत नव्हतं. अंग पांगाऱ्याचं, कारण ते लाकूड हलकं. पाती बांबूची. तुंब्यात सायकलचे छर्रे. काचेच्या तोंडाला त्यांना माझ्याकडून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. नियमात बसत नव्हतं, तरी मी धुऊन दिल्या. तव्यावर गरम करून, लाकडी साच्यावर दाबून त्यांनी चौदा बाटल्या वाया घालवल्या आणि पंधरावीचं तोंड जमवलं. दाराखालचं ठिगळसुद्धा त्यांनी पटाशीने कोरलं, त्याच्या खिळ्यांसकट. फक्त पोटाखाली एक चौकोनी भोक ठेवलं. त्यात बसणारा गळ शिसवीचा, बोटाएवढा, करून तयार होता. तो त्यांच्या तंबाखूच्या बटव्यात असायचा. तंबाखू मळताना तो आधी बाहेर काढून गुडघ्यावर ठेवायचे.

"बसवून टाका एकदा," मी म्हणायचे.

"दिसल्याबिगर कसा बसवू? सुतार हाय मी, ज्योतिषी नाय."

एकदा निवडणुकीच्या वेळी शहापूरच्या मैदानावर कुणी पुढारी हेलिकॉप्टरने येणार होता. अशा वेळी आरोग्य खात्याची माणसं हमखास ड्युटीला, तशी मी होते. धुरळा बसला, पुढारी उतरला, लोक हारांकडे धावले आणि मी बघते तर मिस्त्री दोरीखालून घुसून हेलिकॉप्टरखाली उताणे पडलेले. धोतर, पांढरी टोपी, तोंड वर. हवालदाराने पायाला धरून ओढलं.

"काय बघतो रे खाली?"

"गळ हाय का बगतो, साहेब."

"कसला गळ? मासे धरतो काय इथे?"

"हे खाजगी हाय. ह्याला नसतोच. पण बगून ठेवलेलं बरं."

हवालदार त्यांना घेऊन निघाला होता. मी पांढऱ्या साडीत मध्ये उभी राहिले. "माझे घरमालक आहेत. डोक्याने ठीक आहेत."

"मग असं काय करतात?"

याचं उत्तर गर्दीत उभं राहून देण्यासारखं नव्हतं. "सुतार आहेत," मी म्हटलं. आश्चर्य म्हणजे तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

येताना एस.टी.त मिस्त्री खुशीत होते. "पाती मिटायचे सांधे नायत त्याला, सिस्टर. नुसतं फिरायचं मशीन ते."

२००१च्या पौषात मी म्हशाच्या जत्रेला गेले. मुरबाडच्या माणसाला म्हशाची जत्रा चुकत नाही, आणि मला घोंगडी घ्यायची होती. खेळण्यांच्या दुकानांपाशी मागून आवाज आला.

"हे काय हॅलिकाप्टर हाय? शेपटीचं पातं कुठाय ह्याचं? अशानं गरागरा फिरून पडंल ते."

मी दचकून वळले, कारण आवाज मिस्त्रींचा होता. शब्दसुद्धा त्यांचेच. समोर चाळिशीकडे आलेला एक माणूस, हातात प्लास्टिकचं हेलिकॉप्टर, शेजारी बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. चेहरा मी सहा वर्षं रोज बघत होते.

"तुम्ही जयवंत ना? शेणव्याचे?"

"तुमी कोण?"

"तुमच्या घरात भाड्याने राहते. तिथली नर्स."

त्याने खेळणं खाली ठेवलं. "बाबा बरं हायत?"

"गुडघे दुखतात. बाकी ठीक. तुमचं हेलिकॉप्टर बोटीवरचं की किनाऱ्यावरचं?"

तो हसला. "हा काय प्रश्न झाला?"

"माझा नाही. त्यांचा आहे."

त्याचं हसू गेलं. बायकोला म्हणाला, हिला पाळण्यात बसवून आण जा. त्या दोघी गेल्यावर म्हणाला, "किनाऱ्यावरचं. मुंबईत. बदली झाल्यापासून मुंबईतच हाय. सासरवाडी मुरबाडची. दरसाल येतो जत्रेला."

मुरबाडला दरसाल. शेणवा तिथून किती लांब, ते मी त्याला सांगायची गरज नव्हती.

"मग घरी का येत नाही?"

"आई गेली तेव्हा माझी ट्रेनिंगची परीक्षा होती. त्यांनी तार नाय केली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी पोचलो तर आईची लुगडी पण वाटून झालेली. म्हटलं, बाबा, कळवलं का नाय? तर म्हणाले, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्याने खाली ठेवलेलं खेळणं परत उचललं. "मी काय विचारणार होतो, सिस्टर? आई मेली का म्हणून?"

 अशा वेळी मी जे नेहमी करते तेच केलं, म्हणजे समोरच्याला नेमकं काय करायचं ते सांगितलं. "तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुम्ही ज्याच्यासमोर उभे आहात ना, ते पोट त्यांना बघायचंय. सहा वर्षं झाली." मग मी घोंगडी घेतली आणि घरी आले.

"जत्रंत काय बगितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बैल," मी म्हटलं. "घोंगडी आणली."

त्यांनी जयवंतचं विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. असं मी स्वतःला तेव्हा पटवलं. पुढे कित्येकदा माझ्या ध्यानात आलं की हे तर मिस्त्रींचंच वाक्य झालं.

चैत्रात पाकीट आलं. पत्र नाही, नुसता फोटो, मागे एक फोन नंबर. राखाडी चेतक, एका बाजूने, अख्खं. समोर कोणीही उभं नाही. पाती मागे मिटलेली. पोटाखाली गळ, स्वच्छ दिसणारा.

मला माहीत होतं की हे खोटं आहे. बोटीवरून आलेलं कुठलंतरी दुसरं हेलिकॉप्टर बघून त्याने फोटो काढला होता.  मिस्त्रींनी घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग काढलं आणि फोटो उंबऱ्यावर ठेवून पाऊण तास बघितला. मी भाकऱ्या थापत होते, त्या दोन करपल्या.

"हे त्याचं नाय," शेवटी ते म्हणाले.

"कशावरून?"

"दाराखाली ठिगळ कुठाय? पत्र्याचं ठिगळ काय भरून येतं?" मग त्यांनी फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. जमिनीवर एक लांब सावली पडली होती, दोन्ही कोपरं वर करून फोटो काढणाऱ्या माणसाची. "पण ह्यो तोच हाय. खांदा बगा. डावा खाली. लहानपणी कापायच्या लाकडाची दोरी त्याच खांद्यावर घ्यायचा."

मी भाकरी उलटली. माझ्याच्याने वर बघवेना.

"बाजूला सरला बगा," मिस्त्री म्हणाले. "मी सहा वर्षं म्हणत होतो, जरा बाजूला सर. सरला."

मग त्यांनी हेलिकॉप्टर छपरावर चढवायचं ठरवलं. मला वाटलं गळ बसवतील. पण त्यांनी त्या चौकोनी भोकात काठी ठोकली आणि दोन दिवस छपरावर बसून, कोने काढून, काठी आत सोडून, कोने परत सिमेंटमध्ये बसवले. मदतीला कोणालाही घेतलं नाही. सत्तरीच्या माणसाने छपरावर चढू नये, यावर मी त्यांच्याशी दोन्ही दिवस भांडले.

"गळ कुठे गेला?" ते उतरल्यावर मी विचारलं. बटव्यात दिसला नाही.

"लावला."

"कुठे? तिथे तर काठी आहे."

"लावला म्हटलं ना गो."

फोन नंबर त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला. दोन वर्षांत एकदाही फोन केला नाही. नाक्यावर फोनचं दुकान होतं. मी विचारलं की म्हणायचे, "तो बोटीवर हाय ना? पाण्यात फोन कुठचा लागायला?" आणि माझ्याकडे असे बघायचे की मी पुढे बोलू नये. पोराने एवढ्या खटपटीने पाठवलेलं खोटं त्यांनी नव्या चपलेसारखं जपून वापरलं. नंबर मी लावू शकले असते. मला आकडे वाचता येत होते आणि नाका पाच मिनिटांवर होता. मी लावला नाही.

तो मी लावला २००३च्या श्रावणात, मिस्त्री सकाळी उठले नाहीत तेव्हा. जयवंत तीन तासांत आला. अंतर खरोखरच तेवढं होतं.

सगळं उरकल्यावर तो अंगणात उभा राहून छपराकडे बघत होता. "गळ लावलेला का त्यांनी?"

"लावला म्हणत होते. मला दिसत नाही."

तो पडवीच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "तुमी ऱ्हावा इथंच. घर बंद नको." त्यानंतर त्याचा अधूनमधून फोन येतो. घर ठीक आहे का, विचारतो. ठीक आहे, मी सांगते. यायचं म्हणतो, येत नाही. दोन वर्षांपूर्वी वादळी वाऱ्यात शाळेचे पत्रे उडाले, शेजारच्यांची अर्धी कौलं गेली. आमचं हेलिकॉप्टर नुसतं भिरभिरत राहिलं. जागचं हललं नाही. मीही आता घरघर ऐकू आली की हातातलं टाकून अंगणात येते. परवा गेलं ते हिरवं होतं, पत्र्याच्या शेपटीचं. मी मोठ्याने सांगितलंसुद्धा. पडवीत कोणी नव्हतं.

तर त्या रविवारी गोमा कोने काढून आत वाकला आणि ओरडला.

"सिस्टर! हे निघत नाय!"

"हळू ओढ."

"वडून काय व्हनार? खाली आढ्याला गळ घातलाय ह्याला. काठीच्या टोकाला. काळ्या लाकडाचा हाय, आढ्यात असा रुतलाय का बगत ऱ्हावं. आन् कोरून काय तरी लिवलंय."

साडी खोचून मी शिडी चढले. पन्नाशीला आलेल्या बाईने छपरावर चढू नये, पण सांगायला कोणी नव्हतं. कोन्यांच्या खालच्या अंधारात काठी सरळ खाली गेली होती आणि तिच्या टोकाचा शिसवी गळ आढ्याला घट्ट धरून बसला होता. आढ्याचा बाकी भाग वाळवीने पोखरला होता, एवढी जागा सोडून. शेजारी पटाशीने कोरलेली अक्षरं होती, मिस्त्रींची, वाकडी. 'जयवंत. उतरायची जागा.'

"कापू का आढं?" गोमाने विचारलं.

"नको. कशालाच हात लावू नकोस. शिडी इथेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी जयवंतला फोन लावला. म्हटलं, आढं बदलायचं आहे आणि ते तुम्ही बघितल्याशिवाय मी बदलू देणार नाही.

"काय हाय तिथं?" त्याने विचारलं.

"विचारू नका. येऊन बघा."

 मग तो म्हणाला, "बायको-मुलीला पण आणू?"

"आणा," मी म्हटलं. फोन ठेवला, दवाखान्यात उशिरा येते म्हणून निरोप धाडला, आणि चार माणसांचे तांदूळ धुवायला घेतले.